फवारणीआधी पान उलटून पाहा

कढीपत्त्याची पानं कुरतडलेली दिसली की सल्ला ठरलेला: कीड लागली, फवारा मारा. माझी विनंती आहे, आधी ते पान उलटून पाहा.

कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले. दोन्हींवर लिंबाचं फुलपाखरू अंडी घालतं. त्याची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन, तेही याच कुळातल्या झाडांवर वाढतं. मोठ्या कढीपत्त्याला अशा चार अळ्यांनी काही होत नाही, तो पुन्हा फुटतो. रोप वीतभरच असेल, तर अळ्या अलगद उचलून मोठ्या झाडावर सोडा. शिंपी, दयाळ, इतकंच काय, मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांना किडेच भरवतो. अळ्या नकोत आणि पक्षी मात्र हवेत, असं जमत नाही.

आता मावा. गुलाबाच्या, शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यावर तो दाटीनं बसतो. माव्याची मादी नराशिवाय थेट पिलंच देते आणि उबदार हवेत ती पिलं आठ-दहा दिवसांत स्वतः वीत बसतात. त्याला खाणारे ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, आणि क्रायसोपा हे मित्रकीटक इतक्या झपाट्यानं वाढत नाहीत. फवारणीत दोघंही मरतात, पण मावा आधी परततो आणि या वेळी त्याला खाणारं कुणी उरलेलं नसतं. महिन्याभरात दुसरी फवारणी करावी लागते ती यामुळे. ढालकिड्याची अळी काळसर, नारिंगी ठिपक्यांची, काटेरी असते. तिलाच कीड समजून चिरडलेलं मी फार ठिकाणी पाहिलं आहे आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

साबणाचं पाणी घरगुती म्हणून निर्धोक, असंही मानू नका. अंगावर पडलं की मऊ शरीराचा कुठलाही किडा त्यानं मरतो, मित्राची अळीसुद्धा. त्यापेक्षा माव्यावर पाण्याची जोरदार धार मारा किंवा तेवढा शेंडा खुडा. झाडावर मुंगळ्यांची रांग असेल तर ती आधी तोडा. माव्याच्या गोड स्रावासाठी मुंगळे त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात.

बाग रोज लख्ख झाडून पाचोळा जाळण्याचा सल्लाही असाच. त्या पाचोळ्याखाली ओल टिकते, गांडुळं आणि बुरशी पानांची माती करतात, कित्येक पतंगांचे कोषही तिथंच असतात. म्हणून पाचोळा आळ्यात पसरा, फक्त खोडापासून चार बोटं दूर. गुलाबाची काळ्या ठिपक्यांची रोगट पानं मात्र वेचून बागेबाहेर टाका, कारण तो रोग गळलेल्या पानांवरून पुन्हा झाडावर चढतो.