बुद्धीचें माप आणि वऱ्हाडी मूल

पॅरिसमध्यें १९०५ सालीं बिने आणि सिमाँ यांनीं बुद्धिमापनाच्या कसोट्या रचल्या, त्या मुलांना नापास करण्यासाठीं नव्हेत. वर्गांत मागें पडणाऱ्या मुलाला निराळ्या शिक्षणाची गरज आहे कीं काय, हें ओळखण्यासाठीं. व्ही. व्ही. कामत यांनीं त्या मराठी व कानडी मुलांना लागू पडतील अशा बेतल्या. त्यांचा ग्रंथ १९४० मध्यें प्रसिद्ध झाला. नुसतें भाषांतर येथें पुरत नाहीं. शब्द बदलला कीं प्रश्नाचें काठिण्य बदलतें, आणि कोणत्या वयाला तो सुटावा हें पुनः मुलांवरच पारखून ठरवावें लागतें.

श्रोत्यांनीं अकोटच्या एखाद्या वर्गाची कल्पना करावी. शेताला वावर आणि कपाशीला पऱ्हाटी म्हणणारें मूल पुस्तकी मराठींतला प्रश्न ऐकून गप्प बसलें, तर दोष बुद्धीचा कीं भाषेचा? मेळघाटांतून आलेल्या कोरकू मुलाची तर बोलीच मराठीच्या कुळांतली नव्हे. गुणपत्रक अडखळलेली जागा दाखवितें, कारण दाखवीत नाहीं. मानसशास्त्रज्ञाचें काम तेथून सुरू होतें: मुलाच्या बोलींत विचारावें, कान-डोळे तपासवून घ्यावे, घरची हकीकत ऐकावी. एक आंकडा लिहून निघून जाणारा मानसशास्त्रज्ञ मात्र न आलेलाच बरा.

शिक्षणहक्क कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनें पांचवी व आठवींत मुलाला मागें ठेवण्याची मुभा राज्यांस मिळाली. महाराष्ट्रानें २०२३ मध्यें ती घेतली. पुनर्परीक्षेंतही न निभावलेलें मूल आणखी वर्षभर त्याच बाकावर बसावयाचें. तत्पूर्वीं तें कां अडलें हें कोणी विचारलें होतें काय, याची नोंद त्याच्या निकालाशेजारीं असावयास हवी.