विनोबांची निवृत्ती आणि आपला धुरा



आपल्या पवनारच्या विनोबांनी जमिनीसाठी जन्म वेचला, त्याविषयी दोन शब्द बोलते. १९५१ साली तेलंगणात पोचमपल्लीस भूमिहीनांसाठी त्यांना पहिली १०० एकर जमीन मिळाली. पुढे १३ वर्षे ते गावोगाव पायी हिंडले. पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा, असे सांगून सहावा हिस्सा मागत. १९७० साली हिंडणे थांबवून ते पवनारला राहिले व १९८२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. तेथे १९५९ सालीच त्यांनी भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापिले होते.

दानातली पुष्कळ जमीन खडकाळ निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही, हेही खरे. तरी ते काम वाया गेले असे मी म्हणणार नाही.

हातभर धुऱ्यासाठी आम्हा जावाजावांचे बोलणे ८ वर्षे बंद होते. दोन्हीकडून नांगराने धुरा कोरला जाई आणि पावसात माती नाल्याला लागे. गेल्या संक्रांतीला मीच वाण घेऊन गेले व हातभर जमीन सोडली. यंदा धुऱ्यावर गवत वाढले, माती वावरातच राहिली. माझे भूदान एवढेच.

ज्यांच्या घरी असा तंटा असेल त्यांनी विचार करावा, एवढी विनंती करून मी खाली बसते.