झार, कैसर आणि निजाम

(हिंगोली येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



‘झारशाही’ हा शब्द आपण जुलमी सत्तेसाठी सर्रास वापरतो. पण ‘झार’ म्हणजे काय? मुळात हे एका रोमन घराण्याचे आडनाव आहे. ज्युलियस सीझर राजा नव्हता. रोमला राजा या शब्दाचाच तिटकारा होता. म्हणून त्याच्या वारसांनी राजपद न घेता त्याचे नाव घेतले, आणि नावाचेच पद झाले. त्या ‘सीझर’चा जर्मनीत ‘कैसर’ झाला, स्लाव्ह भाषांत ‘त्सार’ झाला. १५४७ साली मॉस्कोच्या चौथ्या इव्हानने त्याच नावाने स्वतःला राज्याभिषेक करविला. सीझरच्या घराण्याशी रक्ताचा संबंध सांगण्याजोगा पुरावा नव्हता. दावा मात्र रोमच्या वारशाचा होता.

हाच सीझर आपल्याही देशात आला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-ए-हिंद’ म्हणून घोषित करण्यात आले. त्याच सुमारास दक्षिणेत दुष्काळाने माणसे मरत होती.

आता आपल्या मराठवाड्याकडे पाहू. ‘निजाम-उल्-मुल्क’ म्हणजे राज्याचा व्यवस्था पाहणारा, म्हणजेच चाकर. बादशहाने मीर कमरुद्दीनला दिलेला हा किताब. १७२४ साली साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर हा चाकर दख्खनचा धनी झाला आणि चाकरीचा किताब वंशपरंपरेने राजाचे नाव बनला. रोममध्ये आडनावाचे पद झाले, हैदराबादेत हुद्द्याचे घराणे झाले. दोन्हीकडे शब्द जुना राहिला आणि सत्ता नवी आली.

शब्दांचा हा इतिहास शिकायचा तो एवढ्यासाठी की, कोणतीही राजसत्ता ईश्वराने नेमलेली नसते. ती माणसांनी घडवलेली असते, म्हणून माणसे ती मोडूही शकतात. १९१७ साली पेट्रोग्राडच्या कामगारांनी आणि शिपायांनी झारला पायउतार व्हायला लावले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. पोलीस कारवाईपूर्वी या भागातील कितीतरी साध्या माणसांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला होता.

राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब रद्द केले. तरी आपल्या चौकांतील फलकांवर ‘कार्यसम्राट’ झळकतात, आणि साखरसम्राट, शिक्षणसम्राट हे शब्द तर मराठीत रुळूनच गेले आहेत. लोकांनी निवडलेला माणूस लोकांचा कारभारी असतो. कारभाऱ्याचा धनी कसा होतो, हे निजामाच्या किताबाने आपल्याला एकदा शिकविले आहे. तेव्हा पुढच्या वेळी फलक लिहून घेताना नावामागे ‘सम्राट’ जोडण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.