ट्रॅक्टर, दागिने आणि मधली जागा

'संरचनावाद' हा शब्द जड वाटतो. पण त्यातली मूळ गोष्ट आपल्या रोजच्या बोलण्यातली आहे. आपण जग जोड्यांनी समजून घेतो. गाव आणि शहर, आत आणि बाहेर, जुनं आणि नवं. एक शब्द काढला की दुसरा लंगडा पडतो. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्त्रोस यांनी १९५५ साली मिथककथांविषयी लिहिताना आणखी एक गोष्ट दाखवली. जिथं विरोध मिटत नाही, तिथं कथा एक मध्यस्थ उभा करते. त्याच्या अंगी दोन्हीकडचं थोडं थोडं असतं.

ही फूटपट्टी महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'ला लावून पाहू. विजया मेहतांनी १९८५ साली ते रंगमंचावर आणलं. विदर्भातला देशपांड्यांचा वाडा. तात्याजी गेलेत, तेराव्याच्या खर्चाची चिंता आहे. थोरला भास्कर वाड्यातच राहिलेला, सुधीर मुंबईहून आलेला. गाव-शहर ही जोडी लगेच समोर येते.

मध्यस्थ कोण? एक म्हणजे दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर. कारखान्यात घडला, शेतासाठी आणला. दोन जगं जोडायची त्यानं. पण तो जागचा हलत नाही. दुसरा मध्यस्थ म्हणजे घराण्याचे दागिने. आत असताना प्रतिष्ठा, बाहेर गेले की रोकड. रंजू ते घेऊन मास्तराबरोबर पळून जाते. ती परत येते, दागिने येत नाहीत. मिथकात मध्यस्थ पेच सैल करतो, इथं दोन्ही मध्यस्थ हरतात. नाटक मनाला लागतं ते म्हणून.

आणि प्रभा? तिला शिकायचं होतं. शिकू दिलं नाही. 'आत' या एका शब्दावर बाईचं आयुष्य खर्ची पडलं. जोड्या निरागस नसतात. कुठली बाजू वरची, हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

आता मुळशी तालुक्यातल्या माणला चला. हिंजवडीच्या आयटी पार्कचा विस्तार या गावाच्या जमिनीवर झाला. माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी २०१८ साली झाली. नाटकातला सुधीर शहरात गेला होता. इथं शहरच बांधावर आलं. ज्याचं शेत गेलं आणि घर तिथंच राहिलं, त्याला गावकरी म्हणायचं की शहरी? आपल्या जोडीत त्याला जागाच नाही. आणि जागा नसली की त्याचं म्हणणंही ऐकू येत नाही.

भाषा मात्र आपल्याहून शहाणी आहे. 'गाव' संस्कृतातल्या ग्रामावरून आलं. 'शहर' आणि 'जमीन' फारसीतून. मराठीत ते शेजारी नांदतात. मराठीत कविता लिहिणारा मुसलमान म्हणून मला हे जवळचं वाटतं. 'तुमचं मराठी किती छान हो!' असं कुणी प्रेमानं म्हणतं, तेव्हा मला कुठल्या बाजूला उभं केलंय ते कळतं. राग येत नाही; पण आईकडून आलेल्या भाषेबद्दल शाबासकी घ्यायची कशी?

म्हणून पुढच्या वेळी नाटक पाहाल, तेव्हा जोड्या जरूर शोधा. मग एवढंच विचारा : ही जोडी लावली कुणी, आणि मध्ये अडकलंय कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)