गडग्यापलीकडचे बी



शहरातल्या सभागृहात रानातल्या तणाची चर्चा कशाला, असा प्रश्न आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना पडला असेल. उत्तर सोपे आहे. येथे बसलेल्या पुष्कळांची नावे कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या सात-बाराच्या उताऱ्यावर आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतले बहुतेक रान सरकारचे नसून खाजगी मालकीचे आहे, आणि त्याचे अनेक मालक मुंबई-पुण्यात राहतात. तेव्हा हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. आमचे वडिलोपार्जित रान होते. ऐन, किंजळ, जांभूळ, मधूनमधून हेद. उताऱ्यावर अकरा नावे. कोणी तिकडे फिरकत नसे. एका वर्षी आम्ही सर्वांनी सह्या केल्या आणि उभे रान ठेकेदाराला विकले. रीतसर परवानगी होती, पैसे चोख मिळाले. पुढच्या पावसाळ्यात मोकळ्या झालेल्या उतारावर रानमोडी उगवली. दोन वर्षांत ती पुरुषभर उंच झाली. तिसऱ्या उन्हाळ्यात ती वाळली असताना वणवा लागला, आणि तो गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या काजूत शिरला. त्याची दहा वर्षांची मेहनत एका दुपारी जळाली. आमच्यापैकी एकानेही काडी लावलेली नव्हती. तरी त्या शेजाऱ्याच्या दारावरून जाताना माझी मान खाली जाते.

ही रानमोडी मूळची अमेरिका खंडातली. हिचे बी केसाळ व हलके; वाऱ्यावर उडते, कपड्याला आणि गाडीच्या चाकाला चिकटून प्रवास करते. वणव्यात तिचा वरचा भाग जळतो, पण पहिल्या पावसासरशी बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात. तिची सखी घाणेरी, जिला आपण टणटणी म्हणतो, तीही अमेरिकेकडचीच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात ती शोभेसाठी आणली गेली. तिची काळी फळे पाखरे खातात आणि बी दूरदूर नेऊन टाकतात. वारा आणि पाखरू, दोघांनाही सात-बारा वाचता येत नाही.

किडीचेही तसेच आहे. काजूच्या बुंध्यात शिरणारी खोड पोखरणारी अळी, म्हणजे बागायतदारांचा रोठा, मेलेल्या किंवा मरणाऱ्या झाडात सुखाने वाढते. मालक दूर असला की असे झाड तसेच उभे राहते, आणि त्यातून निघालेले भुंगेरे शेजारच्या धडधाकट झाडांच्या सालीत अंडी घालतात. एकाची उपेक्षा दुसऱ्याच्या बागेत उगवते, ती अशी.

मग या तणावर एखादा कीटकच का सोडू नये, असे कोणी विचारील. हा विचार खुळा नव्हे. फड्या निवडुंगाने एके काळी दक्षिणेकडची शेते व्यापली होती. 1926 साली त्या वेळच्या सिलोनमधून आणलेल्या एका बारीक किड्याने त्याचा मोठा बंदोबस्त केला. पण प्रत्येक तणाला असा वैरी मिळतोच असे नाही. घाणेरीसाठी 1941 साली ऑस्ट्रेलियातून एक ढेकणासारखा कीटक आणला. प्रयोगशाळेत तो सागाच्या फुलांवरही जगतो असे दिसताच त्याची पैदास नष्ट करण्यात आली. तरीही तो निसटला आणि देशभर पसरला. घाणेरी मात्र आजही जागच्या जागी आहे.

तेव्हा आपल्या हातात काय आहे? पहिली गोष्ट, सावली. ही दोन्ही तणे उन्हाची भुकेली आहेत. एखाद्या जुन्या देवराईत जाऊन पाहा. कडेला रानमोडी दिसेल, आत दाट छायेत ती फारशी तग धरत नाही. म्हणून रान तोडायचेच असेल तर सरसकट तोडू नये. मोठी झाडे राखावीत, तोडलेल्या ऐन-किंजळीच्या बुंध्यांना येणारे फुटवे जपावेत. रान स्वतःच स्वतःचा पहारेकरी होते.

दुसरी गोष्ट, वेळ. रानमोडी दिवाळीनंतर फुलते. फुलण्याआधी, माती ओली असताना, ती मुळासकट हाताने उपटून येते. आता योग पाहा. आपण गणपतीला गावी जातो तो नेमका हाच काळ! आरत्या आणि मोदक यांच्यामधली एक सकाळ रानाला दिली, तरी पुष्कळ काम होईल. सुरुवात जिथे तण विरळ आहे तिथून करावी. दाट जाळीकडे मागाहून वळावे. उरलेल्या बियांतून नवी रोपे येतात, म्हणून हा क्रम निदान तीन वर्षे सोडू नये.

घाणेरी नुसती कोयत्याने छाटली तर दुप्पट जोमाने फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली रीत अशी, की मातीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर तिचे मुख्य मूळ तोडावे आणि झुडूप उलटे करून टाकावे. मग ते पुन्हा रुजत नाही. पाखरे बसतात त्या झाडांखाली नवी रोपे दिसतील, तीही वेचावीत.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. अकरा नावांनी मिळून एका माणसाला अधिकार द्यायचा, आणि गडग्यापलीकडच्या मालकाशी बोलायचे. दोघांनी मिळून सीमेवर जाळरेषा काढायची, एकाच हंगामात दोन्ही बाजूंचे तण काढायचे. एकट्याने केलेली सफाई शेजाऱ्याचे बी एका वर्षात पुसून टाकते.

आमच्या रानात आता किंजळीचे फुटवे डोक्याच्या वर गेले आहेत. त्यांच्याखाली रानमोडी विरळ झाली आहे, गेली नाही. गेल्या गणपतीत आम्ही चार भावंडे आणि तो शेजारी, असे पाच जण मिळून गडग्याच्या दोन्ही बाजूंनी उपटत गेलो. तो फारसे बोलला नाही. पण निघताना त्याने विचारले, “पुढच्या वर्षी याल ना?”

येत्या मे महिन्यात आंब्यासाठी गावी जाल, तेव्हा आपल्या गडग्याच्या कडेने एकदा चालून या, एवढीच विनंती. वाळकी रानमोडी कुठवर आली आहे ते पाहून ठेवा, आणि भाद्रपदात परत जा.