सूर्याच्या परिवारातील लहानथोर
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले. खगोलशास्त्र हा माझ्या आवडीचा विषय, अधिकाराचा नव्हे. तत्त्वार्थसूत्रात ज्योतिष्कांचे सूर्य, चंद्र, ग्रह, नक्षत्र आणि तारे असे पाच भेद सांगितले आहेत, हे येथील अनेकांना मुखोद्गत आहे. त्यावर विवेचन करण्याचा अधिकार मुनिजनांचा. दुर्बिणीतून आणि यानांतून जे दिसले, त्याची वर्गवारी माणसाने कशी केली आणि ती करताना तो कोठे अडला, एवढेच मी आज निवेदन करणार आहे.

२००६ साली प्लूटोचे ग्रहपद गेल्याची वार्ता आली, तेव्हा “आता पत्रिका बदलायच्या काय?” असे मला दुकानात विचारले गेले. वास्तविक आपल्या नवग्रहांत प्लूटो कधी नव्हताच. त्यांत सूर्य-चंद्र आहेत. राहू-केतू या तर वस्तूही नव्हेत, चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाला छेदते ते दोन बिंदू होत. ‘ग्रह’ हा शब्द एकच, परंतु पंचांगकर्त्याचा अर्थ निराळा आणि खगोलशास्त्रज्ञाचा निराळा.

सूर्यमालेतील ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान एकट्या सूर्यात आहे. उरलेल्यात गुरूचा वाटा इतका मोठा की, इतर सातही ग्रह एकत्र केले तरी तो त्यांच्या अडीचपट भरेल. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे खडकाळ. गुरू आणि शनी प्रामुख्याने वायूचे. युरेनस व नेपच्यून यांत पाणी, अमोनिया, मिथेन यांचा भरणा अधिक. येथपर्यंत सारे शालेय पुस्तकात आहे. खरी रंगत त्यापुढे आहे.

१ जानेवारी १८०१ रोजी सिसिलीतील पालेर्मो येथे ज्युझेप्पे पियाझी यांना मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या भागात एक अंधुक बिंदू सरकताना दिसला. त्याचे नाव सेरेस. तो ग्रह म्हणून गणला गेला. १८०७ पर्यंत पॅलस, जुनो आणि व्हेस्टा हे सोबती सापडले. त्यांनाही ग्रहांच्या पंक्तीत बसविण्यात आले. पुढे १८४५ पासून असे बिंदू एकामागून एक सापडू लागले. १८६१ साली आपल्या मद्रास वेधशाळेतून नॉर्मन पॉग्सन यांनी एक शोधला आणि त्याला ‘आशिया’ हे नाव दिले. यादी लांबत गेली, तेव्हा ग्रहांच्या मालिकेतून या मंडळींना काढून ‘लघुग्रह’ हा स्वतंत्र वर्ग करावा लागला. आज अशा लहान वस्तूंची नोंद तेरा लाखांवर गेली आहे. तथापि मंगळ-गुरूमधल्या पट्ट्याचे एकूण वस्तुमान आपल्या चंद्राच्या तीन टक्क्यांच्या आसपासच भरते, आणि त्यातील सुमारे एक तृतीयांश एकट्या सेरेसचे!

प्लूटोच्या बाबतीत हाच इतिहास पुन्हा घडला. १९३० मध्ये क्लाइड टॉमबॉ यांनी तो शोधला आणि तो नववा ग्रह ठरला. १९९२ साली डेव्हिड ज्युइट व जेन लू यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक वस्तू सापडली, मग शेकडो. हाच कायपरचा पट्टा. २००५ मध्ये जाहीर झालेल्या एरिसचे वस्तुमान तर प्लूटोहून अधिक भरले. आता एरिसला दहावा ग्रह म्हणावे, की प्लूटोला उतरवावे? २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने निर्णय दिला : ग्रहाने सूर्याभोवती फिरावे, स्वतःच्या गुरुत्वाने गोलाकार झालेला असावा आणि आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असावा. पहिल्या दोन अटी पाळून तिसरीत अडणारा तो बटुग्रह. सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके आणि एरिस हे पाच आज त्या वर्गात आहेत.

निर्णय मला योग्य वाटतो. तिसरी अट मात्र खटकते. पहिल्या दोन अटींत वस्तूची स्वतःची चाल आणि आकार पाहिला जातो, तिसरीत तिचा शेजार! ताग्याचा पोत न पाहता तो कोणत्या फळीवर ठेवला आहे यावरून भाव ठरविण्यासारखे ते झाले. शिवाय पद गेल्याने प्लूटो उणा झाला नाही. १४ जुलै २०१५ रोजी ‘न्यू होरायझन्स’ यान त्याच्याजवळून गेले, तेव्हा तेथे गोठलेल्या नायट्रोजनची विस्तीर्ण मैदाने आणि पाण्याच्या बर्फाचे पर्वत दिसले. उपग्रहांचेही तसेच. गुरूचा गॅनिमीड ५,२६८ किलोमीटर व्यासाचा, बुध ४,८७९ किलोमीटरचा. तरीही बुध ग्रह आणि गॅनिमीड उपग्रह, कारण तो गुरूभोवती फिरतो.

धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा गोळा. सूर्याजवळ येताच बर्फाची वाफ होते आणि सूर्याच्या विरुद्ध दिशेला शेपटी फुटते. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला. आता २०६१ मध्ये येईल, बालमित्रांनी वाट पाहावी. शेपटीचा तो धूमकेतू आणि कोरडा तो लघुग्रह, अशी सोपी विभागणी पूर्वी पुरत असे. १९८३ साली सापडलेल्या फेथॉनने ती बिघडवली. दिसण्यात लघुग्रह, परंतु धूमकेतूप्रमाणे उल्कावर्षावाचा जनक. आणि सूर्याजवळ गेल्यावर त्याला शेपटीही फुटते. ती सोडियमची असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

या लहान वस्तूंना तुच्छ लेखू नये. ग्रह घडल्यावर उरलेली ही कात्रणे आहेत. मूळ ताग्याचा पोत कात्रणावरून कळतो, हे आम्हा कापडवाल्यांना सांगावे लागत नाही. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये सुमारे १२१ ग्रॅम माती पृथ्वीवर आणली गेली; तिच्यात, सजीवांची प्रथिने ज्यांपासून बनतात अशा वीस अमिनो आम्लांपैकी चौदा आढळली. अशीच एखादी वस्तू जमिनीवर आदळली की काय होते, ते पाहावयाचे असल्यास बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जावे. तेथील सरोवर म्हणजे बेसाल्ट खडकात आघाताने पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर होय.

आणि फेथॉनचे कण पाहण्यास यानाची गरज नाही. दरवर्षी १३ व १४ डिसेंबरच्या रात्री पृथ्वी त्याच्या धुळीतून जाते. गावाबाहेर अंधाऱ्या जागी सतरंजी अंथरून आडवे व्हावे, डोळे अंधाराला सरावू द्यावेत. मिथुन राशीच्या दिशेने उल्का निसटताना दिसतील, मध्यरात्रीनंतर अधिक.