मुक्या चित्रातली पहिली नायिका

(खडवली येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



सिनेमा आज सर्वांना ठाऊक आहे. पण आपल्या देशात तो सुरू झाला तेव्हा त्यातली माणसे बोलत नव्हती. त्याला मूकपट म्हणत. बोलणे अक्षरांत लिहून पडद्यावर दाखवीत. वाचता येई तो वाचायचा, न येई त्याला शेजारचा वाचून सांगायचा.

दादासाहेब फाळके हे मूळचे त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट काढला. त्यात तारामतीचे काम करायला बाई मिळेना. घरंदाज बायका तर सोडाच, कलावंतिणीसुद्धा 'नको' म्हणाल्या! शेवटी साळुंके नावाचा हॉटेलातला आचारी लुगडे नेसून तारामती झाला.

मग फाळके नाशिकला गेले. आपल्या खडवलीवरून कसाऱ्याकडे जी आगगाडी जाते, तिचाच रूळ पुढे घाट चढून नाशिकला पोचतो. तिथे १९१३ सालीच त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' काढला. या वेळी मात्र दोन बायका पुढे आल्या. त्या मायलेकी होत्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी झाली. कमलाचे वय तेरा वर्षांच्या आसपास.

भस्मासुराची गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म, असा त्याला वर होता. मोहिनीने त्याला नाचवता नाचवता त्याचाच हात त्याच्या डोक्यावर ठेवायला लावला. हे सारे कमलाला एक शब्द न बोलता दाखवायचे होते. डोळे बोलायचे, हात बोलायचे.

दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या राहत. नाटकात काम करून त्या लेकीला वाढवीत होत्या. नाटकातल्या बाईला लोक त्या काळी नावे ठेवीत. पण लोकांच्या बोलण्याने चूल पेटत नाही! दुर्गाबाईंनी काम धरले आणि लेकीलाही शिकवले.

वाट एका दिवसात मोकळी झाली नाही. १९१७ सालच्या 'लंकादहन' मूकपटात राम आणि सीता ही दोन्ही कामे साळुंक्यांनीच केली.

कमला पुढे रघुनाथराव गोखले यांची पत्नी झाली. कमलाबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. पदरी लहान मुले. मग आईचीच वाट त्यांनी धरली. नाटकात कामे करून तीन मुलगे वाढवले. १९३१ साली चित्रे बोलू लागली. पुढे कमलाबाईंनी बोलपटांतही कामे केली. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले हे दोघेही नामांकित नट झाले. बाकीचे दोन मुलगे तबलजी झाले. ज्या कामाला लोक नाके मुरडीत, त्याच कामाने त्या घराला अन्न दिले आणि मानही दिला.

आम्ही तुम्हांला एवढेच सांगतो. घरातली पोर एखादे नवे काम शिकायचे म्हणाली, तर 'लोक काय म्हणतील' हे आधी विचारू नका. 'काम प्रामाणिक आहे का' हे विचारा. उत्तर 'होय' आले, तर दुर्गाबाईंसारखे तिच्या पाठीशी उभे राहा.